नोकरी गेल्यावर

नोकरीसंबंधी बोलताना आपण मराठी माणसे तीन क्रियापदे वापरतो. नोकरी लागते, नोकरी जाते आणि नोकरी सोडली जाते. पैकी पहिले क्रियापद पेढ्यांबरोबर घरात येते. त्याविषयी आज काही सांगावयाचे नाही. मला बोलावयाचे आहे ते उरलेल्या दोहोंविषयी. गिरणीतला कामगार ‘मला कामावरून काढले’ असे सरळ सांगत आला आहे. काढणारा कोणी आहे आणि त्याच्याशी भांडता येते, हेही त्या सांगण्यात आलेच. पांढरपेशा मनुष्य मात्र, त्यास काढलेले असो, कमी केलेले असो, वा राजीनाम्याच्या कागदावर सही करावयास लावलेले असो, चार लोकांत ‘नोकरी सोडली’ असेच सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने फरक एवढाच, की काढणारा वाक्यातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी आपण स्वतः कर्ते होऊन बसलो. प्रपंचाच्या दृष्टीने मात्र हा फरक फार महाग पडतो.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असा क्रम आपल्या पूर्वजांनी लावून ठेवला होता. आपण तो केव्हाच उलटा केला आणि नोकरीला, त्यातूनही कायम नोकरीला, वतनाचा दर्जा दिला. लग्न नोकरीवर ठरते, मुलांची शाळा नोकरीवर ठरते, बँक घरासाठी कर्ज देते तेही पगाराचा कागद पाहून. हे वतन आता पूर्वीसारखे पक्के राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या एकंदर माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचा बेत जाहीर केला, आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या पायरीवरची माणसे असतील असेही सांगितले. मधल्या पायरीवरचा मनुष्य म्हणजे कोण? चाळिशी ओलांडलेला, घराचे हप्ते अर्ध्याहून अधिक बाकी असलेला, ज्याचे मूल दहावीच्या उंबरठ्यावर आणि आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत असा. व्यापार मंदावला की पहिला घाव पगारावर पडतो. तो पगार गेला की बाजारातले एक गिऱ्हाईक कमी होते, आणि मंदी आणखी एक पाऊल पुढे सरकते. हे चक्र थांबविणे सरकारांचे व पेढ्यांचे काम आहे, एका कुटुंबाचे नव्हे. तेव्हा एका कुटुंबाच्या हाती जे असते तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

नोकरी गेल्याची पहिली संध्याकाळ घ्या. मनुष्य घरी येतो आणि काही बोलत नाही. आईचा रक्तदाब, मुलीची परीक्षा, तोंडावर आलेला सण, अशी कारणे त्याजवळ तयार असतात, आणि त्यांतील एकही कारण खोटे नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो. एखाद्या वाचनालयात, नाही तर बागेतील बाकावर दिवस काढतो आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येतो. अशी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. काही श्रोत्यांच्या तर जिन्यावरचीच असतील. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या वर्गाने जितकी मनावर घेतली आहे तितकी दुसऱ्या कोणी घेतली नसेल. परंतु ही मूठ झाकून ठेवण्याचा खर्च कोणी मांडून पाहत नाही. तो मांडला पाहिजे.

या बाबतीत फार मोलाचा पुरावा आपणांस एका परदेशी खेड्यातून मिळतो. ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळ, मारिएन्थाल नावाची एक कामगारवस्ती होती. सारी वस्ती एका कापडगिरणीवर जगत असे. १९२९ सालच्या जागतिक मंदीच्या तडाख्यात ती गिरणी टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि १९३० नंतर तेथील ४७८ कुटुंबांपैकी फार मोठ्या भागास बेकारीच्या सरकारी भत्त्याखेरीज आधार राहिला नाही. १९३१ च्या अखेरीस व्हिएन्नाहून मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण अभ्यासक तेथे गेले. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. नुसते पाहुणे म्हणून, वही-पेन्सिल घेऊन, वस्तीत कोणी फिरावयाचे नाही. प्रत्येकाने तेथील लोकांच्या उपयोगाचे काही काम अंगावर घ्यावयाचे. मग कोणी कपडे गोळा करून वाटले, कोणी वैद्यकीय सल्ला दिला, कोणी शिवणकामाचा वर्ग चालविला, आणि ते करता करता वस्तीचे जीवन टिपून ठेवले. १९३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

बेकार माणसाजवळ वेळच वेळ असतो, तेव्हा तो वाचील, सभांना जाईल, कदाचित बंडही करील, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात मारिएन्थालच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. आणि हे केव्हा, तर पुस्तकांची वर्गणी माफ झालेली असताना! वेळ वाढला आणि वाचन घटले. अभ्यासकांनी पुरुषांना आपल्या दिवसाचा तासवार तपशील लिहावयास सांगितला, तर सकाळी मुलांना उठविले आणि दुपारी जेवलो, या दोन नोंदींच्या मधले तास कोठे गेले हे पुष्कळांना सांगताच येईना. एका खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चालही मोजली. पुरुष संथ चालत आणि वाटेत पुनःपुन्हा थांबत. बायका भरभर चालत आणि क्वचितच थांबत. कारण उघड होते. बायकांची गिरणी सुटली होती, पण चूल सुटली नव्हती. त्यांच्या दिवसाला अद्याप आकार होता. पुरुषांच्या दिवसाचा आकार गिरणीच्या भोंग्याबरोबर गेला होता.

परंतु सर्वांत महत्त्वाची नोंद पुढेच आहे. अभ्यासकांनी घरांचे चार प्रकार पाडले: न खचलेली, निमूट झालेली, हताश झालेली आणि पार सुटलेली. आपल्याकडील एखाद्या उपदेशकाने लगेच म्हटले असते की ज्यांची मने खंबीर ती घरे टिकली. मारिएन्थालच्या आकड्यांनी ते सांगितले नाही. न खचलेल्या घरांत माणशी दरमहा सरासरी ३४ शिलिंग येत होते, निमूट घरांत ३०, हताश घरांत २५ आणि सुटलेल्या घरांत १९. म्हणजे चार ते सहा शिलिंग कमी झाले की घर एक पायरी खाली उतरत होते. खंबीरपणा म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो, त्याचा बराचसा भाग अजून न संपलेल्या शिल्लकेत असतो. हे ध्यानी ठेवले, तर नोकरी गेलेल्या नवऱ्यास, मुलास अथवा सुनेस ‘धीर धर’ असे सांगण्यापूर्वी आपण वाण्याची वही पाहू.

याच ग्रंथातली आणखी एक लहानशी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भत्त्यावर जगणाऱ्या त्या लोकांजवळ भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे होते. त्यांतल्या कित्येकांत बटाट्यांच्या जागी गुलाब आणि डेलिया फुललेले आढळले. अर्थशास्त्राने यास काय म्हणावे ते म्हणावे. गणपतीच्या दिवसांत उधारीवर आणलेल्या फुलांची किंमत ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला यात नवल वाटणार नाही.

मारिएन्थालसारखी, एका धंद्यावर जगणारी आणि त्याच्याबरोबरच खचलेली वस्ती पाहण्यास आपणांस ऑस्ट्रियापर्यंत जावयास नको. लालबाग, परळ, वरळी आणि त्यांच्या आसपासचे मुंबईचे गिरणगाव हे तिचेच कितीतरी मोठे रूप होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येकांना पुन्हा कामावर घेतले नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्याच एकेक करून मिटल्या. असंख्य माणसे कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या गावी परतली. मागे राहिलेल्या घरांतील बायकांनी भाजी विकली, पापड लाटले, पोळीभाजीचे डबे दिले. खानावळ चालविणाऱ्या बायकांना तर दुहेरी फटका बसला. कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे एकटा राहणारा गिरणी कामगारच. त्याचा पगार थांबला की त्यांची चूल थांबे. याच खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. एका नोकरीच्या मागे किती चुली पेटत असतात, हे मोजावयाचे झाल्यास गिरणगावाच्या खानावळीपासून आरंभ करावा.

मी चाळीचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. संपानंतरच्या कामगार कुटुंबाची कशी वाताहत झाली हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने दाखविले आहे, आणि ते ज्यांनी पाहिले त्यांना चाळीचा गोडवा सुचणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की दहा बाय बाराच्या खोलीत नोकरी गेल्याची बातमी झाकून ठेवणे शक्यच नव्हते. सकाळी नऊ वाजता जो मनुष्य गॅलरीत उभा दिसे, त्याचे काय झाले हे साऱ्या मजल्यास कळे. त्यात लाज होती, टोमणेही होते. परंतु त्याच मजल्यावरून कोणी तरी ‘अमक्या ठिकाणी माणूस हवा आहे’ असा निरोपही आणी. बंद दाराच्या सदनिकेत टोमणा पोहोचत नाही, आणि निरोपही पोहोचत नाही.

आता कायद्याकडे वळतो. हा भाग रुक्ष आहे, पण येथेच ‘सोडली’ या शब्दाची किंमत रुपयांत मोजून मिळते. आपल्या देशात कामगारास छाटणीत कमी करावयाचे झाल्यास काही बंधने आहेत. ती १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली आली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, ती पुढे चालविली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सामान्यतः जो शेवटी आला त्यास प्रथम काढावे, आणि वर्षभरात पुन्हा माणसे घ्यावयाची झाल्यास काढलेल्यांना आधी विचारावे, असाही नियम आहे. मोठ्या कारखान्यास तर छाटणीपूर्वी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा शंभर कामगारांची होती, नव्या संहितेने ती तीनशेवर नेली.

पण श्रोतेहो, हे सारे छाटणीस लागू आहे; राजीनाम्यास नाही. ज्याने ‘स्वेच्छेने’ असे लिहून सही केली, त्याची कायद्याच्या दृष्टीने छाटणी झालीच नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी साहेब खोलीत बोलावून, दार लोटून, मोठ्या सौजन्याने म्हणतात, ‘तुमच्या पुढच्या नोकरीच्या दृष्टीने राजीनामाच बरा दिसेल.’ दिसण्याचा हा मुद्दा आपल्या वर्मी बसतो. मनुष्य त्याच टेबलावर सही करून मोकळा होतो, आणि घरी येऊन ‘सोडली’ म्हणतो. कधी कधी त्या सहीच्या बदल्यात मिळणारी रक्कम कायद्याच्या भरपाईहून अधिकही असते. तेव्हा राजीनामा देऊच नये असे मी म्हणत नाही. ‘मला दोन दिवस द्या, घरी विचारून सांगतो,’ एवढे तरी म्हणावे. आणि नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, रजेचा हिशेब हे सारे त्या दोन दिवसांत पाहून घ्यावे. सामान्यतः पाच वर्षे सलग सेवा झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी राजीनाम्यानेही बुडत नाही, हेही अनेकांस माहीत नसते.

कोणी म्हणेल, हे कामगारांचे कायदे. मी तर मॅनेजर. हा प्रश्न खरा आहे. खरोखर व्यवस्थापनाचे अधिकार चालविणारा मनुष्य या संरक्षणाबाहेर राहतो, आणि त्याची सारी भिस्त नेमणुकीच्या पत्रावर असते. परंतु न्यायालये हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात. कार्डावर मॅनेजर लिहिले, पण हाताखाली एक माणूस नाही आणि दिवसभर स्वतःच तक्ते भरावयाचे, असा मनुष्य कायद्याने कोण ठरेल हे वकिलास विचारून पाहण्यासारखे असते. वकिलाची फी एका महिन्याच्या हप्त्याहून बहुधा कमीच असते.

येथे थोडे विषयांतर करतो. महाराष्ट्रातील पगारदाराच्या पावतीवर व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले गेलेले आपण पाहिले असतील. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्या खर्चासाठी १९७५ साली हा कर बसला. पुढे १९७७ साली राज्याने कायदा केला आणि खेड्यातील मनुष्यास काम मागण्याचा हक्क दिला. ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावहच आहे. परंतु ज्याच्या पगारातून हा कर गेला, त्या शहरी माणसाची नोकरी गेली तर त्यास असा हक्क कोणत्याही खिडकीवर मागता येत नाही. त्याला बेकारीच्या दिवसांचा विमा आपल्या घरातच काढावा लागतो.

तो विमा म्हणजे काय? पहिल्या संध्याकाळी सारे घर एकत्र बसवून, आहे ते सांगून, केलेला हिशेब. दरमहा किती लागतात, शिल्लक किती, आणि म्हणून किती महिने निघतील, हा एकच आकडा काढावयाचा. मुलांनाही सांगावे. त्यांना न सांगितल्याने काळजी टळत नाही. बंद दाराआडची कुजबुज ऐकून ती याहून वाईट काही तरी समजून बसतात. कंपनीने काढलेला कुटुंबाचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तो संपण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावाने पॉलिसी मागावी. घरात म्हातारी माणसे असतील तर हे काम पहिल्या आठवड्यातले. घराच्या कर्जाचा हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी; चुकल्यानंतर तेच शब्द बोलले तरी बँकेला ते वेगळे ऐकू येतात. क्रेडिट कार्डावर घर चालविणे ही मात्र सावकारीच होय, आणि जुन्या सावकाराहून तिचा दर फारसा सौम्य नाही. राहिले सोने. पिढ्यान्‌पिढ्या ‘अडीअडचणीला’ म्हणून आपण ते जमवितो आणि अडचण आली की ते मोडणे अशुभ मानतो. मग ते जमविले तरी कशासाठी?

दिवसाचा आकार टिकविणे हेही पैशाइतकेच अगत्याचे. मारिएन्थालच्या बायका भरभर चालत होत्या, कारण त्यांच्यावाचून अडणारी कामे होती. तेव्हा नोकरी गेलेल्या पुरुषाने सकाळी सात ते दहा घरचे काम अंगावर घ्यावे. मदत म्हणून नव्हे, तर आपले म्हणून. पत्नी नोकरी करीत असेल तर तिच्या डब्याची जबाबदारी त्याने घेण्यात कमीपणा तो कसला? नोकरी पत्नीचीच गेली असेल, तर आता ती घरी आहेच म्हणून सासरच्या मंडळींनी सारा दिवस तिच्या माथी मारू नये. तिलाही काम शोधण्यासाठी रोजचे चार तास हवेत, आणि त्या तासांत दाराची घंटा दुसऱ्या कोणी उघडावी.

काम शोधावयाचे कोठे? येथे झाकलेल्या मुठीचा सर्वांत मोठा तोटा होतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, बोस्टनजवळच्या एका गावातील ज्या सुशिक्षित नोकरदारांनी नुकत्याच नोकऱ्या बदलल्या होत्या, त्यांना नोकरीची बातमी कोणाकडून मिळाली याचा शोध घेतला. १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने दाखविले, की ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यापैकी जिवलगांकडून बातमी मिळालेले थोडे होते. बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. विचार केला म्हणजे हे पटते. जिवलग मित्राचे जग आपलेच जग असते; त्यास जे ठाऊक ते आपणांसही ठाऊक असते. जुन्या कचेरीतला सहकारी, कॉलेजातला मागच्या बाकावरचा सोबती, चुलत आत्याच्या लग्नात भेटलेले पुण्याचे गृहस्थ, यांचे जग निराळे. आणि बातमी निराळ्या जगातूनच येते. पण आपण गुपित राखतो ते नेमके यांच्यापासूनच! बायकोला अखेर सांगतो, भावाला सांगतो. ‘बाहेर’ मात्र कळू देत नाही. ज्या दारांतून काम यावयाचे, तीच दारे आपण आतून कडी लावून ठेवतो.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात अशा तीस-चाळीस माणसांची यादी करून प्रत्येकाला चार ओळी लिहाव्या. आपली नोकरी अमुक तारखेस गेली, आपण अमुक काम इतकी वर्षे केले, आणि अमुक प्रकारच्या कामाच्या शोधात आहोत, एवढेच. रडगाणे नको आणि जुन्या मालकाची निंदाही नको. बहुतेकांकडून उत्तर येणार नाही. महिन्याने त्यांस पुन्हा दोन ओळी लिहावयास हरकत नाही.

आणि सकाळी अकरा वाजता भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या काकू, ‘आज रजा वाटतं?’ असे विचारणारच. तेव्हा पिशवी खाली ठेवून सांगावे, ‘नाही काकू, नोकरी गेली माझी मागच्या महिन्यात. तुमच्या जावईबापूंच्या कंपनीत कोणी हिशेबाचा माणूस हवा असला तर विचाराल का?’